जुन्या सायकलच्या सीटमागची बॅग: मोजण्यापासून पट्टे आवळण्यापर्यंत

जुनी रॅले, हंबर, बीएसए किंवा हर्क्युलस हौसेने दुरुस्त करून घेतली की पुढची खरेदी ठरलेली असते: सीटच्या मागे लटकणारी बॅग. आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. फोटोत बॅग आवडते, पैसे भरले जातात, पार्सल येतं. मग कळतं की सीटला पट्टा ओवायला कड्याच नाहीत. किंवा कड्या आहेत, पण बॅगचा तळ कॅरिअरवर टेकतो आणि ती अशी वर ढकलली जाते की झाकण उघडत नाही. कधी महिनाभराने मडगार्डचा रंग खरवडलेला दिसतो आणि त्यावरची सोनेरी रेघ गेलेली असते.

चूक बॅगेत नसते, निवडण्याच्या क्रमात असते. आधी सीट, मग मोकळी जागा, मग सामान, मग चामडं की कापड, आणि रंगरूप सगळ्यात शेवटी. लोक बरोबर उलटे चालतात.

पुढचं सगळं २८ इंची चाकांच्या, रॉड ब्रेकच्या (तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी लागणाऱ्या) काळ्या सायकली, म्हणजे रोडस्टर, डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे, कारण आपल्याकडे जुन्यात त्याच जास्त सापडतात. २६ इंची स्पोर्ट्स मॉडेल असेल तर क्रम हाच, फक्त मापं वेगळी येतील.

तयारी

हाताशी ठेवा: मोजपट्टी, जाड पुठ्ठा, कात्री, सुतळी, चिकटपट्टी, सीटच्या नटाला बसणारा पाना आणि घरातलं एक माणूस. माणूस कशाला, ते दुसऱ्या टप्प्यात येईलच.

सीट तुमच्या उंचीला लावून घ्या आणि मगच मोजमाप सुरू करा. नंतर सीट दोन सेंटिमीटर खाली घेतली तर सगळी मापं बाद. मागे कॅरिअर, डायनॅमोचा दिवा किंवा बाळाची सीट लावायची असेल तर तीही आत्ताच लावून टाका.

१. सीट बॅग पेलेल का?

सीटच्या मागच्या कडेखाली वाकून पाहा. ब्रूक्सच्या बी १७, बी ६६, बी ६७ अशा चामडी सीटना मागच्या लोखंडी पट्टीवर दोन कड्या असतात. बॅगेचे वरचे दोन पट्टे त्यांतून जातात. बॅगेचं वजन त्या पट्टीवर येतं, चामड्यावर नाही. त्यामुळे ‘बॅगेने सीट ताणली जाते’ ही भीती सोडून द्या.

देशी स्प्रिंगवाल्या सीटना, विशेषतः रेक्झिनच्या, बहुतेक वेळा कड्या नसतात. मग लोक काय करतात? स्प्रिंगच्या वेढ्यांतून पट्टा ओवतात. हे करू नका. तुम्ही बसलात की वेढे जवळ येतात, उठलात की लांब जातात, आणि मधे सापडलेला पट्टा दर खड्ड्याला चावला जातो. वरून धड दिसतो, आतल्या बाजूने अर्धा कापलेला असतो.

कड्या नसतील तर तीन मार्ग आहेत:

- सीटखालच्या तारांना आवळून बसणाऱ्या सुट्या कड्या मिळतात, त्या घ्या. तारांमधलं अंतर आणि तारेची जाडी मोजून मगच मागवा. चार तारांच्या जुन्या सीटवर त्या सहसा बसत नाहीत.
- सीटच्या मागच्या पट्टीला भोकं असतील तर फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन छोट्या कड्या करून बोल्टने बसवून घ्या. भोकं नसतील तर जुन्या सीटला नवी पाडू नका.
- कॅरिअर असेल तर बॅग कॅरिअरवरच टेकवा आणि पट्टा फक्त मागे-पुढे सरकू नये एवढ्यापुरता सीटच्या दांड्याला बांधा.

कड्यांची रुंदीही मोजून ठेवा, म्हणजे कडीतून किती रुंद पट्टा जाईल ते. पट्टा कडीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर अरुंद हवा. कोंबून घातलेला पट्टा कडेने दुमडतो आणि तिथेच तुटतो.

आता सीटच्या क्लिपकडे वळू. सीटचा कोन धरून ठेवणारे क्लिपमधले दाते जुन्या सायकलींत झिजलेले असतात. रिकाम्या सीटला ते कळत नाही. मागे दोन-तीन किलो लटकले की सीटचं नाक हळूहळू आभाळाकडे जातं.

तपासा: क्लिपचे नट आवळा, दोन्ही हातांचा भार सीटच्या मागच्या कडेवर द्या आणि तीन-चार वेळा दाबा. नाक वर आलं तर क्लिप बदला. पंचवीस-तीस वर्षं जुन्या नटावर आणखी जोर लावून उपयोग नाही, दातेच गेलेले असतात.

२. जागा मोजा, पण कोणीतरी बसलेलं असताना

सर्वाधिक चुका या टप्प्यावर होतात. सायकल स्टँडवर उभी, सीट रिकामी, मोजपट्टी लावली, १९ सेंटिमीटर आले, १८ सेंटिमीटर उंचीची बॅग मागवली! स्प्रिंगची सीट वजनाखाली बसते. माणूस किती वजनाचा आणि स्प्रिंग किती थकलेली यावर एक ते तीन सेंटिमीटर कुठेच गेले नाहीत. खड्ड्यात त्याहून जास्त.

म्हणून मदतनिसाने सायकल धरायची, तुम्ही नेहमीसारखं पूर्ण वजन टाकून बसायचं आणि मोजायचं त्यानेच. (किंवा उलट, पण मग वजन त्याचं येईल, सायकल चालवणार कोण ते लक्षात ठेवा.)

तीन मापं घ्या:

अ) कडीच्या खालच्या काठापासून सरळ खाली जे पहिलं आडवं येईल तिथपर्यंत. कॅरिअर असेल तर कॅरिअर, नसेल तर मडगार्ड. कॅरिअरवर सामान दाबणारी स्प्रिंगची क्लिप असेल तर ती उघडून, वर उचललेल्या अवस्थेतही मोजा. बंद क्लिपवर माप घेतलं तर पुढे कॅरिअर वापरताच येत नाही.

आ) सीटच्या दांड्याच्या मागच्या बाजूपासून कड्यांपर्यंतचं आडवं अंतर. बॅग सीटखाली किती आत शिरेल ते यावरून कळतं.

इ) मांड्यांची जागा. पॅडल सावकाश मागे फिरवा आणि मांडीची मागची बाजू सीटच्या कोणत्या रेषेपर्यंत येते ते मदतनिसाला पाहू द्या. जुन्या रुंद सीट मागे साधारण २० ते २१ सेंटिमीटर असतात; तेवढ्याच रुंदीची बॅग सहसा कुठे लागत नाही. मोठी बॅग रुंद असतेच, पण तिचा पुढचा भाग मांडीच्या वाटेत येता कामा नये.

बॅगेची कमाल उंची काढताना ‘अ’ मापातून ३ ते ४ सेंटिमीटर वजा करा. बॅग कॅरिअरवर टेकवायची असेल तर ही वजाबाकी नको, पण मग बॅगेचा तळ कडक हवा.

खबरदारी: मडगार्ड आणि बॅग यांच्यात बोटभर जागा ‘पुरे’ वाटते. पुरत नाही. भरलेली बॅग तळाशी फुगते, आणि पावसात भिजलेली आणखी लोंबते.

३. सामानाची यादी

दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लोक एकच समजतात. एक छोटी हत्यारांची बॅग: जुन्या इंग्लिश सायकलींच्या सीटमागे असायची ती, पाना आणि पंक्चरचं सामान मावेल एवढी. दुसरी सहलीची मोठी बॅग, जिच्यात रेनकोट, डबा, जास्तीचा शर्ट मावतो. दोन्हींच्या मधली, ‘थोडं हत्यार, थोडा डबा’ अशी बॅग शोधायला निघालात की डबाही बसत नाही आणि रिकामी असताना ती केविलवाणी लोंबते.

सामान जमिनीवर मांडा आणि त्याचा गठ्ठा मोजा. लांबी गुणिले उंची गुणिले खोली सेंटिमीटरमध्ये काढा, हजाराने भागा, लिटर मिळतात. २० × १० × ६ सेंटिमीटरची हत्यारांची बॅग म्हणजे १.२ लिटर. ३८ × २२ × १८ सेंटिमीटरची सहलीची बॅग म्हणजे साधारण १५ लिटर.

जुन्या रोडस्टरसाठी लहान बॅगेत एवढं मावलं पाहिजे: चाकांच्या आणि सीटच्या नटांचे पाने, टायर काढायच्या पट्ट्या, पंक्चरचं रबर, सोल्युशन, काचकागद, आणि व्हॉल्व ट्यूबचा, म्हणजे व्हॉल्ववर चढवायच्या बारीक रबरी नळीचा, वीतभर तुकडा. हा तुकडा लोक विसरतात, आणि जुन्या व्हॉल्वची हवा बहुधा या नळीमुळेच गेलेली असते. सुटी ट्यूब घेणार असाल तर आधी ती घडी करून पाहा: २८ इंची ट्यूब वाटते त्यापेक्षा बरीच जागा खाते. पंप बॅगेत नको, त्याची जागा फ्रेमवर.

‘सॅडलबॅग’ असं ऑनलाइन शोधलंत तर बुलेटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या जोडपिशव्याच जास्त दिसतील. त्यांची मापं पाहून गोंधळू नका.

४. पुठ्ठ्याची बॅग करून पाहा

फार लोक हा टप्पा टाळतात. अर्ध्या तासाचं काम आहे.

मोजलेल्या मापाचा खोका पुठ्ठ्यातून कापा, चिकटपट्टीने जोडा, वरून सुतळीने कड्यांना आणि समोरून सीटच्या दांड्याला बांधा. तळात एखादा पाना टाका. आता सायकल गल्लीत फिरवून आणा: बसा, उतरा, पाय मागून टाकून चढून पाहा. बरेच जण पाय मागून टाकून चढतात आणि मोठ्या बॅगेला नेमका तोच पाय अडतो. हे कुठल्याही मापात दिसत नाही.

पुठ्ठा कुठे चेपला, कुठे घासला ते बघा. चेपला असेल तिथून माप कमी करा. आणि हा खोका टाकून देऊ नका. बॅग करून घ्यायची असेल तर कारागिराला हाच द्यायचा आहे.

५. चामडं, कॅनव्हास की रेक्झिन?

आपल्या पावसाळ्याचा विचार इथे करायचा.

वनस्पतींच्या सालीने कमावलेलं चामडं जुन्या सायकलला शोभतं. कोल्हापूरकडे हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावतात तसं. ते ताठ असतं, आकार धरतं, वापराने गडद होत जातं. पण ओलं राहिलं तर बुरशी धरतं आणि ओल्यात लोखंड लागलं की तिथे काळा डाग पडतो, जो निघत नाही. म्हणून अशा बॅगेचे रिव्हेट आणि बक्कल पितळी हवेत, आणि पाने फडक्यात गुंडाळलेले.

क्रोमने कमावलेलं मऊ चामडं पाण्याला थोडं जास्त तोंड देतं, पण लहान बॅगेत ते ताठ उभं राहत नाही. आतून पुठ्ठ्याचं अस्तर लावून विकतात. तो पुठ्ठा पहिल्या पावसात फुगतो. विचारून घ्या.

मोठ्या बॅगेसाठी माझं मत स्पष्ट आहे: जाड, मेण दिलेला सुती कॅनव्हास. चामड्याची १५ लिटरची बॅग रिकामीच एवढी जड होते की सामान बिचारं नंतर येतं. कॅनव्हासचे सुती धागे पाणी लागलं की फुगतात आणि विणीतली भोकं बुजवतात, मेण उरलेलं काम करतं. इंग्लंडमधल्या लँकेशरची कॅराडाइस कंपनी १९३२ पासून याच पद्धतीच्या बॅगा करते; तिची कॅम्पर लाँगफ्लॅप ही बॅग २४ लिटरची आहे. एवढी मोठी उंच फ्रेमच्या सायकललाच घ्या, बुटक्या फ्रेमवर तिचा तळ चाकाशी गाठ घेतो.

रेक्झिन स्वस्त आहे आणि देशी सायकलवर अजिबात विसंगत दिसत नाही. फक्त ‘लेदर’ म्हणून रेक्झिनच्या भावाचं पीयू (प्लास्टिकचा थर दिलेलं नकली चामडं) गळ्यात पडू देऊ नका.

तपासा: कापलेली कड आणि उलटी बाजू बघा. खऱ्या चामड्याच्या कडेला एकसंध तंतू दिसतात. वर रंगाचा पातळ थर आणि खाली विणलेलं कापड दिसलं तर ते चामडं नाही. ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्यावर जाऊ नका, कड बघा.

६. नवी, जुनी की करून घ्यायची?

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जुनी हत्यारांची बॅग सापडू शकते. ती घेताना बॅगेच्या पोटाकडे नंतर बघा, आधी पट्टे वाकवून पाहा. हलकेच अर्धगोल वाकवल्यावर चामड्याला बारीक भेगा पडून भुसा गळायला लागला, तर ते चामडं मेलेलं आहे. तेल पाजून ते जिवंत होत नाही. पोट चांगलं आणि पट्टे गेलेले असतील तर घासाघीस करा, पट्टे नवीन लावता येतात. पोटच गेलं असेल तर ती शोकेससाठी.

करून घ्यायची असेल तर बॅग शिवणारा किंवा चांगला चप्पल-कारागीर हे काम करतो. मुंबईकरांना धारावीची चामड्याची दुकानं आहेतच. कारागिराला फोटो दाखवून ‘अशी करा’ म्हणणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. पुठ्ठ्याचा खोका द्या, कड्यांचं अंतर लिहून द्या, आणि एवढं बोलून घ्या:

- लहान बॅगेला अडीच ते तीन मिलिमीटर जाडीचं चामडं, पट्ट्यांना त्याहून किंचित जाड.
- दोरा मेण लावलेला पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा. सुती दोरा पावसात कुजतो.
- एका इंचात सहा ते आठ टाके. फार दाट टाके घातले तर चामडं तिथेच फाटतं.
- वरचे पट्टे जिथे जोडले जातात तिथे आतून चामड्याची दुसरी पट्टी. सगळं वजन तिथेच असतं.
- मोठ्या बॅगेच्या वरच्या कडेला आतून लाकडी दांडी, म्हणजे दोन पट्ट्यांच्या मधे बॅग खचत नाही.
- झाकण बाजूंनीही खाली येईल एवढं रुंद.

झाकणाला चुंबकाची चाप बटणं नकोत. आपल्या रस्त्यांवर ती स्वतःहून उघडतात. बक्कल लावायला जास्त वेळ लागतो, आणि नेमका त्याच कारणाने ते विसरलं जात नाही.

रंगाचं शेवटी. सीटशी तंतोतंत जुळवायचा अट्टहास करू नका. नवं चामडं जुन्या सीटशेजारी काही महिने कोरं दिसणारच. सीटपेक्षा एक छटा फिकट घ्या, ते गडद होत जातं. उलटं कधी होत नाही.

७. बसवण्याचा क्रम

१. बॅग रिकामी ठेवा. सायकल स्टँडवर.

२. वरचे दोन्ही पट्टे कड्यांतून असे ओवा की बक्कल मागे, तुमच्या हाताला येईल. आत्ता सैलच ठेवा. एक पट्टा पूर्ण आवळून मग दुसरा ओवला की बॅग हमखास तिरकी बसते.

३. सीटच्या दांड्याभोवती तिसरा पट्टा न्या. इथे एक अडचण येते: बुटक्या माणसाने उंच फ्रेम घेतली असेल तर दांडा जेमतेम दोन बोटं बाहेर असतो. मग पट्टा फ्रेमच्या सांध्यावर येतो आणि तिथला रंग, रेघा, बिल्ला सगळं घासून काढतो. पट्ट्याखाली जुन्या ट्यूबचा किंवा चामड्याचा तुकडा आधीच गुंडाळा.

४. वरचे दोन्ही पट्टे सारख्या छिद्रांवर लावा. मागून दूर उभं राहून बॅगेचा तळ मडगार्डला आडवा समांतर आहे का बघा.

५. तिसरा पट्टा शेवटी आवळा. तो वजन पेलायला नसतो, डोलणं थांबवायला असतो. फार आवळलात तर बॅग पुढे ओढली जाते आणि मांडीला लागते.

६. पट्ट्यांची सुटी टोकं पट्ट्यातच अडकवा. मागच्या चाकाच्या आऱ्यांत लांब पट्टा गेला तर बॅगच नाही, तुम्हीही खाली येता.

तपासा: मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर झाकला गेला का? मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर सहसा खाली असल्याने दिसतो, पण सीटखालच्या नळ्यांवर लावलेला दिवा मोठ्या बॅगेमागे पूर्ण लपतो. तसं असेल तर दिवा कॅरिअरच्या टोकाला न्या.

८. भरा आणि चालवून पाहा

जड वस्तू तळाला आणि सीटच्या दांड्याच्या बाजूला, हलक्या वर आणि मागे. हत्यारं फडक्यात घट्ट गुंडाळा; नुसती टाकली तर खडखडाट होतोच, शिवाय पान्याच्या कोपऱ्याने तळाचे टाके एकेक करून तुटतात.

भरल्यावर सगळे पट्टे पुन्हा एकदा बघा, भरलेली बॅग रिकामीपेक्षा खाली येते. मग दोन-चार गतिरोधक असलेल्या रस्त्यावर एक फेरी मारा. एकदा सीटवरून उठून जोराने पॅडल मारा. बॅग डावी-उजवीकडे झुलत असेल तर तिसरा पट्टा एक छिद्र आत घ्या. त्यानेही थांबली नाही तर वजन जास्त आहे, किंवा बॅगेला खालून आधार हवा.

परतल्यावर बॅगेचा तळ आणि मडगार्ड दोन्हींवर बोट फिरवा. ताजा ओरखडा किंवा काळी रेघ दिसली तर दुसऱ्या टप्प्यातलं माप चुकलं आहे. मधे स्पंज कोंबून वेळ मारून नेऊ नका. स्पंज पाणी धरतो आणि त्याखालचं मडगार्ड गंजतं.

९. पहिला महिना आणि पावसाळा

नवे चामडी पट्टे पहिल्या काही फेऱ्यांत ताणले जातात. दर आठवड्याला बघा, लागेल तसं आवळा. छिद्रं संपली तर चामड्याच्या पंचाने नवं गोल छिद्र पाडा. खिळ्याने पाडलेलं छिद्र तिथूनच चिरत जातं.

भिजलेली बॅग सायकलवरून काढा, रिकामी करा, झाकण उघडं ठेवून सावलीत वाळवा. उन्हात किंवा हीटरपाशी वाळवलेलं चामडं आखडतं आणि पट्ट्यांपाशी तडकतं. पूर्ण वाळल्यावरच मेणाचं मलम हलक्या हाताने लावा. खोबरेल तेल नको: चामडं लिबलिबीत होतं आणि पँटला डाग पडतात. मेणाचा कॅनव्हास साबणाने धुवू नका, मेण निघून जातं. वाळल्यावर ब्रशने चिखल झाडा, एवढं पुरतं.

जून ते सप्टेंबर सायकल चालवणार नसाल तर चामड्याची बॅग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात टाकू नका. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, सुती कापडात गुंडाळा आणि हवा लागेल अशा जागी ठेवा. पंधरा दिवसांनी बोळे बदला. पांढरी बुरशी दिसलीच तर कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसा, नाहीतर तीच शेजारच्या चपलांवर जाऊन बसते.